जुनी फोर बाय फोर घेताना : आधी चेसिस, मग कागद, इंजिन शेवटी

संगमेश्वर तालुक्यातील एका आंबा बागायतदारांचा प्रश्न असा आहे. त्यांची बाग डांबरी रस्त्यापासून साडेतीन किलोमीटर आत, जांभ्याच्या कातळावर आहे. वाटेत एक वहाळ लागतो आणि मृग सुरू झाल्यापासून दसऱ्यापर्यंत तिथे साधी गाडी पोहोचत नाही. पुण्यात त्यांना २०१३ ची महिंद्रा थार सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनाची थार, मिळते आहे. ती फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी असून ९०,००० किलोमीटर चाललेली आहे आणि विकणारे गृहस्थ तिचे तिसरे मालक आहेत. तिची उंची वाढवलेली आहे आणि तिला ३१ इंची टायर, लोखंडी बंपर व स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) बसवलेले आहे. दुसरीकडे एका दलालाने दिल्ली पासिंगची २०१६ ची थार जवळपास तेवढ्याच पैशांत आणून देतो असे सांगितले आहे. कोणती घ्यावी, काय तपासावे आणि पुढे खर्च किती येईल, हे त्यांनी विचारले आहे.

गेली चोवीस वर्षे मी कोल्हापुरात याच प्रकारच्या गाड्यांचे काम करतो आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. जुन्या फोर बाय फोरमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, सीट, टायर, हूड, दिवे हे सारे पैसे मोजून बदलता येते. चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, आणि कागदपत्रे मात्र बदलता येत नाहीत. तरीही गाडी बघायला येणारे लोक आधी बॉनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, एक फेरी मारतात आणि समाधानाने बयाणा देतात. तुम्ही हा क्रम उलटा करावा, म्हणजे आधी गाडीखाली जावे, मग कागद मागावेत आणि त्यानंतरच चावी फिरवावी.

गाडीखाली जाण्यासाठी जवळच्या वॉशिंग सेंटरचा रॅम्प तासाभरासाठी मागून घ्या आणि सोबत टॉर्च, लहान हातोडी व एक जाड स्क्रूड्रायव्हर ठेवा. थारची चेसिस पेटीसारखी पोकळ असते. जांभ्याची तांबडी माती तिच्या भोकांतून आत जाते, तिथेच बसते आणि ओलावा धरून ठेवते. त्यामुळे गंज बाहेरून दिसायला लागतो तेव्हा आतून पत्रा बराचसा खाऊन झालेला असतो. गेल्या वर्षी श्रावणात माझ्याकडे एक गाडी तपासणीला आली होती. तिच्या पोटाला नुकताच काळा कोट मारलेला होता आणि खालून ती नवीकोरी दिसत होती. मी पुढून मागे हातोडी ठोकत निघालो. खणखणीत ‘ठण्, ठण्’ येत होते. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढल्या हँगरपाशी, म्हणजे पाटा चेसिसला जिथे टांगलेला असतो तिथे, एकदम ‘भद्’ असा आवाज आला. तिथे स्क्रूड्रायव्हरने कोट खरवडला तर लोखंडाचे पापुद्रे सुटत गेले, टोक आत गेले आणि भोकातून ओली तांबडी माती माझ्या तळहातावर पडली. त्या हँगरवर मागच्या चाकाचा मोठा भार असतो. गाडी घेऊ पाहणारा मुलगा तिथेच उभा होता आणि त्याने ती घेतली नाही. म्हणून विक्रीच्या तोंडावर मारलेला ताजा कोट दिसला की तो गुण न समजता चौकशीचे कारण समजावे.

मागच्या पाट्यांच्या हँगरांच्या जागा, बॉडी जिथे रबरांवर बसते त्या जागा आणि ट्रान्सफर केसखालची (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीखालची) आडवी पट्टी या तीन ठिकाणी हातोडी अवश्य लावा. आडव्या पट्टीला खडकाचे धक्के बसलेले असतात. ओरखडे चालतील, पण पट्टी वर दबलेली असेल किंवा तिच्या टोकांना नव्याने वेल्डिंग केलेले असेल तर गाडी जोरात आपटलेली आहे. नंतर आत येऊन पायाखालचे मॅटिंग उचला. ही थार कंपनीतून कापडी हूडचीच येत असे आणि हूडमधून पाणी ठिबकते. ते पाणी मॅटिंगखाली साचून तळाचा पत्रा सडवते. तळाचा पत्रा बदलता येतो, मात्र त्याची रक्कम किमतीतून वजा व्हायला हवी.

आता ऑइलविषयी सांगतो. तुमच्या वाटेत वहाळ असल्यामुळे हे तुम्ही नीट समजून घ्यावे असे मला वाटते. एक्सल चालून गरम झालेले असते आणि त्याच्या आतली हवा प्रसरण पावलेली असते. गाडी गार पाण्यात उतरली की ती हवा आकसते, आत पोकळी निर्माण होते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. ब्रीदर म्हणजे एक्सलला हवा घेण्या-सोडण्यासाठी ठेवलेली बारीक वाट. पाणी मिसळलेले गिअर ऑइल दुधाळ चहासारखे दिसते. वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी एक्सलमधली गिअरपेटी म्हणजे डिफरन्शियल. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा लेव्हल प्लग मेकॅनिककडून काढून घ्या आणि करंगळी आत घालून बाहेर काढा. बोटावर काकवीसारखे गडद ऑइल आले तर ठीक आहे. दुधाळ आले तर गाडी पाण्यात गेली आणि नंतर कोणी ऑइल बदलले नाही, असा अर्थ होतो. मग बेअरिंग आणि क्राउन-पिनियन हे आतले गिअर यांना गंज लागला असण्याची शक्यता धरावी लागते. ट्रान्सफर केसचेही ऑइल याच रीतीने पाहा.

फोर व्हील खरोखर लागते का, हे डांबरावर कळत नाही आणि ते डांबरावर तपासूही नये. या थारमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधोमध डिफरन्शियल नसते. त्यामुळे फोर व्हील लावले की दोन्ही एक्सल एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते, आणि कोरड्या डांबरावर टायर घसरू शकत नसल्यामुळे तो सगळा ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि गिअर यांवर येतो. म्हणून गाडी मातीच्या किंवा बारीक खडीच्या मोकळ्या जागेत न्या, फोर-हाय लावा, स्टीअरिंग पूर्ण वळवा आणि अगदी सावकाश गोल फिरवा. गाडीला कोणीतरी मागून धरल्यासारखी ओढ जाणवली आणि स्टीअरिंग जड झाले तर पुढची चाके जोर घेत आहेत. फोर व्हील न लावल्यासारखीच हलकी फिरली तर लिव्हर सरकतो आहे, पण जोर पुढे पोहोचत नाही. मग गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबा आणि लो टाका. लोमध्ये वेग सुमारे अडीच पटीने कमी होतो आणि चाकावरची ताकद त्याच प्रमाणात वाढते. पहिल्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता ती चढावर सरकत राहायला हवी. लो लागताना थोडी खरखर होणे क्षम्य आहे, पण चालता चालता लिव्हर आपोआप बाहेर येत असेल तर ट्रान्सफर केस खोलावी लागणार हे गृहीत धरा. अनेक मालक गाडी घेतल्यापासून एकदाही लो वापरत नाहीत आणि त्यामुळे लिव्हर जाम होतो. असा लिव्हर बहुतेक वेळा दुरुस्त होतो, म्हणून केवळ तेवढ्यावरून गाडी सोडून देऊ नये.

तुम्ही पाहिलेल्या गाडीची उंची वाढवलेली आहे, ही माझ्या दृष्टीने सर्वांत शंकेची बाब आहे. या थारला मागे पाटे आहेत, पण पुढे टॉर्शन बारवरचे (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी सळईवरचे) स्वतंत्र सस्पेन्शन आहे. पुढून उंच करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे टॉर्शन बारचे बोल्ट पिळणे. त्यामुळे पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन तिरपे होतात आणि त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. फाटलेल्या बुटातून ग्रीस बाहेर जाते, माती आत जाते आणि काही महिन्यांत जॉइंट ‘कटकट’ करू लागतो. बूट दाबून पाहा आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे आहेत का तेही पाहा. शिवाय चाक खाली जायला जागा उरत नसल्यामुळे उंच दिसणारी अशी गाडी खड्ड्यात मूळ गाडीपेक्षा लवकर चाक उचलते. बारचे बोल्ट मूळ जागी आणता येतात आणि गाडी घेतलीत तर तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात करावे.

टायरचाही हिशेब करून पाहा. सीआरडीईचा मूळ टायर २३५/७० आर १६ मापाचा आहे आणि त्याचा व्यास सुमारे २९ इंच भरतो. ३१ इंची टायर एका फेरीत जवळपास ७ टक्के जास्त अंतर जातो, पण मीटर मात्र जुन्याच हिशेबाने मोजतो. म्हणजे हे टायर सुरुवातीपासून असतील तर मीटरवरचे ९०,००० प्रत्यक्षात ९६,००० च्या आसपास आहेत. मोठ्या टायरमुळे पिकअप मंदावतो, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि व्हील बेअरिंग लवकर जातात. तुमच्या वापरासाठी मूळ मापाचे, खोल नक्षीचे ऑल-टेरेन टायर मला योग्य वाटतात.

स्नॉर्केलवर विसंबून राहू नका. इंजिन मंद चालू ठेवून त्याच्या तोंडावर जाड प्लास्टिकची थाळी क्षणभर दाबून धरा. इंजिन गुदमरून बंद पडायला लागले तर जोड हवाबंद आहेत, नाहीतर ते दुसरीकडून हवा ओढते आहे आणि त्याच वाटेने पाणीही ओढेल. जोड पक्के असले तरी स्नॉर्केल फक्त इंजिनाची हवा सांभाळते. एक्सल, वायरिंग आणि अल्टरनेटर पाण्यातच असतात.

इंजिनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण २,४९८ घनसेंटिमीटरचे हे १०५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन दणकट आहे आणि त्याचे काम जाणणारे मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतात. फक्त गाडी सकाळी थंड असताना पाहायला जा. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल तर विक्रेत्याने आधीच गाडी चालू करून ठेवली आहे आणि त्याचे कारण विचारावे. थंड इंजिन एका-दोन झटक्यांत चालू व्हायला हवे. गरम झाल्यावर ऑइल भरण्याचे झाकण काढा. तिथून हवेचे जोरदार भपके आले, म्हणजे आमच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन असले, तर पिस्टन-रिंग झिजलेल्या आहेत. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चढावर जोर देताना क्षणभर काळा धूर येणे या वयाच्या गाडीत मी खपवून घेतो, पण सतत येत असेल तर इंजेक्टर आणि टर्बो यांची तपासणी करून घ्यावी लागेल. सीआरडीईमध्ये महागात पडतात ते हेच दोन भाग.

आता कागदपत्रे. २००९ मध्ये मी स्वतःसाठी एक जुनी जिप्सी घेतली होती. ती लष्करी लिलावातून बाहेर पडून एका व्यापाऱ्यामार्फत माझ्यापर्यंत आली होती. चेसिस ठोकून पाहिली, ऑइल पाहिले, सगळे उत्तम होते. आरसी बुकातला चेसिस नंबर मात्र मी गाडीवरच्या नंबराशी अंक अंक जुळवून पाहिला नाही. शेवटून तिसरा अंक वेगळा होता. कारकुनी चूक होती, पण ती दुरुस्त होईपर्यंत चौदा महिने गाडी शेडमध्ये उभी राहिली, आणि त्या काळात मला ना ती चालवता आली ना विकता आली. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला एक कागद आणि शिसपेन्सिल सोबत न्यायला सांगतो. चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, उमटलेला ठसा आरसीशी जुळवा आणि नंबराभोवती घासकाम किंवा वेल्डिंग नाही याची खात्री करा.

त्यापुढची कागदपत्रे सर्वांना माहीत असतात, तरी दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिले म्हणजे कर्जाचा बोजा. आरसीवर बँकेचे नाव असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ‘कर्ज फिटले आहे, फक्त नाव काढायचे राहिले आहे’ हे तोंडी वाक्य पुरेसे नाही. दुसरे म्हणजे अर्धवट राहिलेले हस्तांतरण. तिसरे मालक विकत आहेत, पण आरसीवर अजून दुसऱ्याच मालकाचे नाव असेल तर आधी विकणाऱ्यांच्या नावावर गाडी होऊ द्या. हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या आरसीवर नाव असलेल्या व्यक्तीच्याच हव्यात. विमाही १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या.

बदललेल्या भागांचा कायद्याशीही संबंध आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे स्पष्ट केले आहे. गाडीच्या पुढे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी बुल-बारवर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही हे बदल आड येऊ शकतात. म्हणून विक्रेता ‘ॲक्सेसरीजचे दीड लाख’ वेगळे सांगत असेल तर ते देऊ नका. त्या वस्तू त्याने काढून घ्याव्यात आणि मूळ भाग परत बसवून द्यावेत, अशी बोलणी करा.

दिल्लीच्या गाडीविषयी. राजधानी परिसरात डिझेल गाड्यांवर आलेल्या दहा वर्षांच्या मर्यादेमुळे तिथल्या थार स्वस्तात बाहेर येऊ लागल्या, हे खरे आहे. त्यांत कोकणातल्या गाड्यांइतका गंजही आढळत नाही. २०१५ मध्ये सुधारित सीआरडीई आली तेव्हापासून मागच्या एक्सलमध्ये आपोआप लॉक होणारे यांत्रिक डिफरन्शियल मिळू लागले, आणि एक चाक चिखलात नुसते फिरत राहिले तरी दुसऱ्याला जोर देणारी ही सोय तुमच्या वाटेवर फार मोलाची आहे. पण दलालाने सांगितलेल्या किमतीत तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्रातला वयानुसार आकारला जाणारा कर आणि एमएच क्रमांकाची नवी नोंदणी धरलेली आहे का, हे लेखी विचारा. तिथे भरलेल्या कराचा उरलेला परतावा मागता येतो, पण तो मिळेलच असे धरून आजची किंमत ठरवू नका. एनओसी हातात आलेली नसताना गाडी इकडे आणायला सांगू नका. या अटी पूर्ण होत असतील, चेसिस खणखणीत असेल आणि सगळा खर्च मिळवूनही फरक पेलण्याजोगा असेल, तर मी २०१६ ची गाडी घेईन. पुण्याची गाडी घेतलीत तर आणखी एक तारीख ध्यानात ठेवा. २०२८ मध्ये तिला पंधरा वर्षे पूर्ण होतील. तेव्हा पासिंग करून फेरनोंदणी करावी लागेल आणि हरित करही भरावा लागेल. अशा फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे.

खर्चाचा अंदाज मी असा देतो. गाडीच्या किमतीच्या पाव हिस्सा एवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा आणि ती नसेल तर तेवढी स्वस्त गाडी शोधा. घरी आणल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे ऑइल एकाच दिवशी बदला, मागचा मालक काहीही सांगत असला तरी. सगळे क्रॉस ग्रीस करा, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, कूलिंगचे होज पाहून घ्या. घाटरस्त्याला लिटरमागे दहा-अकरा किलोमीटर धरा. दर वर्षी आगोटीच्या कामांत गाडीचे नावही लिहा. एक्सलच्या ब्रीदरला लांब नळी जोडून तिचे तोंड बॉनेटखाली उंच बांधा, चेसिसच्या भोकांतून दाबाचे पाणी मारून माती काढा, दोन उन्हे वाळू द्या आणि मगच आत गंजरोधक मेण फवारा. ओल्या मातीवर फवारलेले मेण ओलावा आत कोंडून ठेवते, म्हणून ती दोन उन्हे चुकवू नका. पावसाळा संपल्यावर डिफरन्शियलमधले ऑइल पुन्हा करंगळीवर घेऊन पाहा.

घरच्या मंडळींना घेऊन जाणार असाल तर हेही स्पष्ट सांगतो की २०१३ च्या थारमध्ये एअरबॅग नाहीत आणि एबीएसही नाही. मागची बाके आडवी, एकमेकांसमोर आहेत. बागेच्या वाटेला ती ठीक आहेत, पण मुलांना मागे बसवून महामार्गावरून पुण्या-मुंबईचा प्रवास या गाडीने करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

राहिला वहाळ. पाणी वाढलेले असेल तेव्हा आधी काठी घेऊन पायी उतरा आणि तळ कातळाचा आहे की वाहून आलेल्या गोट्यांचा, हे पाहा. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा उभे राहताना पाय ओढले जात असतील तर गाडी अलीकडेच ठेवा. उतरायचे ठरले तर दोन-चार मिनिटे थांबून एक्सल निवू द्या, लो आणि दुसरा गिअर काठावरच टाका, आणि मध्ये क्लचला पाय न लावता चालत्या माणसाच्या वेगाने पार करा. पलीकडे चढल्यावर शंभरेक पावले ब्रेक हलका दाबत चालवा, म्हणजे मागच्या ड्रममध्ये शिरलेले पाणी निघून जाते.